कागद दाखवा म्हणे!

उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याच्या सहलीच्या फोटोंखाली आज एकाने लिहिलंय, "युद्ध २००९लाच संपलं. जमीन तुमची असेल तर कागद दाखवा." तामिळ वाघ (एलटीटीई) आणि लष्कर यांच्या युद्धात घरंदारं सुटलेल्या तामिळांना हे सांगतोय! सकाळपासून डोकं भणभणतंय.

कागद! जाफन्याजवळच्या पलाली विमानतळाभोवतीची गावं १९९०मध्ये लढाईत उठली, जमीन लष्कराच्या ताब्यात गेली. पोरं, म्हातारे आणि एक पिशवी घेऊन छावण्या बदलायच्या, त्यात खरेदीखत कुठवर टिकणार? जाफन्याच्या दक्षिणेकडच्या वन्नी भागात तर पुष्कळांकडे खत नव्हतंच, सरकारी जमिनीचा परवाना होता. तो वारसाच्या नावे करायचा तर मूळ धारकाच्या मृत्यूचा दाखला लागतो. नवरा मे २००९मध्ये लष्कराच्या स्वाधीन झाला, परत आलाच नाही. तो मेला असं बायकोने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं? नुसता 'बेपत्ता' असा दाखला मिळायची सोय व्हायला २०१६ उजाडलं.

आणि कागद दाखवायला मुदत किती? २८ मार्च २०२५चं राजपत्र: उत्तर प्रांतातली ५,९४० एकर, तीन महिन्यांत हक्क सांगा, नाहीतर जमीन सरकारजमा. तामिळनाडूच्या छावणीत बसलेल्याने तीन महिन्यांत काय उभं करायचं? जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, सरकारने राजपत्र मागे घेतलं. बरं, मान्य.

हो, वाघांनीही ऑक्टोबर १९९०मध्ये जाफन्यातल्या मुसलमानांना दोन तासांत हाकललं. लष्कराने बरीच जमीन परत केली, हेही खरं. पण परत मिळते तेव्हा घरं सपाट, बांध गायब. मोजणीवाला हद्द धरणार कशावरून? धरणाखाली गाव गेलेली माणसं पाहिलेल्या तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

बरं, एवढं करून कागद सापडला तरी सरकारी जमिनीचं काय करायचं हे ठरवणार कोण? १९८७च्या तेराव्या घटनादुरुस्तीत जमीन हा विषय प्रांतांच्या यादीत आहे. त्यातच म्हटलेला, जमिनीचं धोरण ठरवणारा राष्ट्रीय भूमी आयोग आजवर नेमलेला नाही. २०१३मध्ये न्यायालय म्हणालं, सरकारी जमीन केंद्राचीच. उत्तर प्रांताच्या परिषदेची मुदत २०१८मध्ये संपली, नंतर निवडणूकच नाही. म्हणजे कागद मागणारं कोलंबो आणि तो खरा की खोटा ठरवणारंही कोलंबोच.

तिथल्याच उत्तरेकडच्या इरणैतीवू बेटावरून १९९२मध्ये उठवलेले कोळी जवळपास वर्षभर किनाऱ्यावर धरणं धरून बसले होते. शेवटी २३ एप्रिल २०१८ला होड्यांना पांढरे झेंडे लावून, नौदल असलेल्या त्या बेटावर ते सरळ उतरले. आधी गेले ते आपल्या पडक्या चर्चमध्ये.