सिस्टर काकूंचं लायसन्स

नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देऊन आले. मी जिवंत आहे, हे सरकारदरबारी सिद्ध झालं. आता डिसेंबरअखेर महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या (नर्सिंग कौन्सिलच्या) माझ्या नर्स म्हणून नोंदणीची पाच वर्षं संपतायत, तर घरच्यांचं म्हणणं, नूतनीकरणाचा तोही फॉर्म भरून टाक. "असू दे की, खायला मागतंय का तुझ्याकडं?" इति आमचे हे.

मी नाही भरणार. आमच्या बॅचच्या ग्रुपवर दोन दिवस यावरून जुंपलीय. तिथं तुकड्यातुकड्यात लिहून बोटं दुखली, म्हणून एकदाच इथं लिहिते.

मी १९८५ ला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, लागले. काचेच्या सिरिंज उकळून वापरायचे दिवस. १९९० ला सरकारी नोकरी लागली, २०२४ ला ५८ पूर्ण झाली आणि नारळ मिळाला. यातली शेवटची नऊ वर्षं मी परिसेविका, म्हणजे तुम्ही जिला इन्चार्ज सिस्टर म्हणता ती. ड्यूट्या लावायच्या, सामानाच्या मागणीचा इंडेंट भरायचा, वॉर्डातल्या वस्तूंचं डेडस्टॉक रजिस्टर जुळवायचं, चादरी फाटल्या की त्या यादीतून काढायचा, म्हणजे निर्लेखनाचा, प्रस्ताव करायचा. तान्ह्या बाळाची शीर मी शेवटची कधी शोधली, खरंच आठवत नाही. औषध थेंबाथेंबानं सोडणारा इन्फ्यूजन पंप बोंबलायला लागला की मीच ओरडायचे, "अगं बघा गं कोणीतरी!" पोरी धावत यायच्या. कागदावर मात्र त्या आणि मी सारख्याच रजिस्टर्ड.

माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिथल्या कौन्सिलला दर तीन वर्षांनी ४५० तास प्रत्यक्ष काम केल्याचं दाखवावं लागतं, वर ३५ तासांचं शिक्षण. आपल्याकडे सीएनईला, म्हणजे नोकरीतल्या नर्सेसच्या प्रशिक्षण कार्यक्रमांना, बसल्याचे तास मोजतात. सीएनई हवीच, तिला नावं नाही ठेवत. पण मी गेले त्यातल्या काही ठिकाणी जेवणाआधी सही आणि जेवणानंतर सर्टिफिकेट, मधल्या वेळात एसीची झोप. मीही काढलीय, खोटं कशाला बोलू. नाइट करून आलेलं माणूस दुसरं काय करणार? तसे तास आताही गोळा होतील. त्यावर "ही बाई आज पेशंटला हात लावायला लायक आहे" असा शिक्का बसेल, आणि ते खरं नसेल.

आता फोनबद्दल. रिटायर होऊन महिना झाला नव्हता, तेवढ्यात एका नर्सिंग होममधून फोन. "मॅडम, यायचं नाही. फक्त सर्टिफिकेटची झेरॉक्स आणि सही द्या, महिन्याला पैसे पोच करू." नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते आणि तिथं पात्र नर्स दाखवाव्या लागतात. दाखवायला मी. रात्री वॉर्डात कोण? बारावी झालेली, कोर्सही न केलेली एखादी पोर, मिळेल त्या पगारावर. तिच्या हातून चुकीचं इंजेक्शन गेलं तर ड्यूटी लिस्टवर नाव माझं. आणि ज्याला ते गेलं त्याचं काय? फोन ठेवला आणि नंतर बराच वेळ माझे हात थरथरत होते, रागानं.

सोसायटीतला मामला वेगळा. तिथं मी सिस्टर काकू. "काकू, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून द्या ना." "अँटिबायोटिक आणलंय, तेवढं टोचा." चिठ्ठी कुणाची, विचारलं तर मेडिकलवाल्याची! अँटिबायोटिकची रिअॅक्शन आलेला पेशंट दोन मिनिटांत कसा निळा पडतो ते मी पाहिलंय. तिथं अॅड्रेनालिन होतं, ऑक्सिजन होता, डॉक्टर हाकेवर होते. इथं माझ्या हॉलमध्ये काय आहे? टीपॉय आणि पंखा. लायसन्स चालू असलं की मला नाही म्हणणं जड जातं, म्हणूनही ते नको. बीपी मोजून देईन, केव्हाही या. चहाही देईन.

एका गोष्टीवर मात्र मी अडते. माझी मैत्रीण २०१९ ला निवृत्त झाली आणि २०२० च्या एप्रिलात पीपीई चढवून परत कोविड वॉर्डात उभी राहिली. ग्रुपवर ती म्हणाली, "नोंदणी चालू होती म्हणून जाता आलं. उद्या तशी वेळ आली तर तू काय करशील?" यावर माझ्याकडं धड उत्तर नाही. ती वर्षभरच बाहेर होती, हात चालू होता, एवढंच म्हणू शकते. तिनं आणि तिच्यासारख्या अजून घरोघरी जाऊन खाटेवरच्या पेशंटचं ड्रेसिंग करणाऱ्यांनी जरूर रिन्यू करावं. कॉलेजात शिकवायला जाणाऱ्यांनीही.

मी माझी मूळ सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून कपाटात ठेवलीत, पांढऱ्या साडीखाली. बॅचमधल्या दोघींची मूळ कागदपत्रं अजून कुठल्या कुठल्या नर्सिंग होमच्या ड्रॉवरमध्ये आहेत, हे मला माहीत आहे. बायांनो, या आठवड्यात जाऊन घेऊन या. एकटीनं जायला अवघड वाटत असेल तर फोन करा, मी येते बरोबर. सध्या मोकळीच आहे.