तासाला दोनशे दहा फक्त

नवीन मशीन घेतलंत? अभिनंदन. हार घातला, नारळ फोडला, कंट्रोलच्या स्क्रीनखाली कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पेढे वाटले. आता राहिला तासाचा रेट, म्हणजे कंपन्यांचे सुटे भाग कापून देताना मशीनच्या एका तासाचे किती घ्यायचे तो आकडा. वाळूजला माझा दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथचा गाळा आहे, अकरा वर्षं झाली, म्हणजे सल्ला द्यायचा थोडाफार अधिकार आहे. आणि मागच्या मंगळवारपासून रात्री झोप येत नाही, त्यामुळे वेळही आहे.

सगळ्यात आधी, हिशेब करू नका. हिशेब केला की रेट वाढतो आणि रेट वाढला की कंपनीच्या परचेसवाल्या साहेबांचा चेहरा पडतो. त्यापेक्षा शेजारच्या गाळ्यात चहाला जा. ‘काय रेट चाललाय सध्या?’ असं सहज विचारा. तो अडीचशे सांगेल. त्याला मिळतात दोनशे तीस, पण त्यालाही अब्रू आहे. तुम्ही परत येऊन अडीचशेतून चाळीस वजा करा आणि लेटरहेडवर टाइप करा, तासाला दोनशे दहा फक्त. शेजाऱ्याने त्याचा रेट त्याच्या शेजाऱ्याला विचारून काढलेला असतो. ही साखळी रांजणगावपासून पंढरपूरपर्यंत जाते (आपलं वाळूजचं पंढरपूर, विठोबाला यात ओढू नका), आणि पार टोकाला कुणीतरी कधीकाळी सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेला एक आकडा सापडतो.

गाळा स्वतःचा असेल तर भाडं शून्य धरा. वडिलांनी दोन एकर विकून घेतलेला गाळा म्हणजे फुकटच की.

स्वतःचा पगार धरू नका. मालकाला भूक लागत नाही.

आता तास. इथे नवीन माणूस फसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. महिन्याचे सव्वीस दिवस, दोन पाळ्या, रोजचे सोळा तास, झाले ४१६. भागायचं ते ४१६नेच. मशीनला कधी सेटिंग लागत नाही, इन्सर्ट (धातू कापणारं छोटं बदलायचं पातं) कधी तुटत नाही, लाइट जात नाही, कच्चा माल वेळेवर येतो, ऑपरेटरच्या चुलतभावाचं लग्न नसतं. समजा मशीन वीस लाखांचं आहे आणि आठ वर्षांनी चार लाखांना जाईल. महिन्याचा घसारा साडेसोळा हजार. बँकेचं व्याज सरासरी दहा हजार. भाड्यातला या मशीनचा वाटा आठ हजार. दोन ऑपरेटर, पीएफ आणि बोनस धरून, सदतीस हजार. लाइट बारा हजार, इन्सर्ट आणि टूल दहा हजार, कुलंट-तेल तीन हजार, दुरुस्ती चार हजार, अकाउंटंट-टेम्पो-चहा साडेचार हजार. बेरीज १,०५,०००. याला ४१६ने भागा. २५२ रुपये.

बघा, बाजाराचा रेट बरोबर निघाला की नाही! म्हणूनच तर सगळीकडे अडीचशे चालतो. मशीन महिन्यातला प्रत्येक तास धातूची चिप काढत राहिलं आणि मालक हवेवर जगला, तर अडीचशेत अगदी काठावर बरोबरी होते. नफ्याचा एक रुपया यात नाही.

माझ्याकडे मागच्या वर्षभर ऑपरेटरला वहीत लिहायला लावलं. मशीन खरोखर कापत होतं ते तास महिन्याला सरासरी २७०. बाकीचे तास? बारा नगांच्या लॉटसाठी सॉफ्ट जॉ, म्हणजे नग धरायचे जबडे, मापाला बोअर करण्यात दीड तास. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री साडेनऊला, तेही मोबाइलने तिरका काढलेला फोटो, पाचाचा आकडा आहे की सहाचा ते विचारायला फोन, आणि साहेब मीटिंगमध्ये. पहिला नग इन्स्पेक्शनला नेऊन आणण्यात अर्धी पाळी, तोवर मशीन दिवा लावून उभं. हे तास कोण देतं? आपण देतो. १,०५,००० भागिले २७०, म्हणजे ३८९ रुपये, निव्वळ खर्च भागायला. त्यात स्वतःला पंचवीस हजार पगार धरा, जेवढा गावाकडं माझ्या धाकट्या भावाला शाळेतून मिळतो त्याच्याहून कमीच, तर ४८१. आणि आपण कोटेशनवर लिहितो दोनशे दहा फक्त. फक्त! त्या ‘फक्त’ची मला आता भीती वाटते.

असो. सल्ल्यावर येऊ.

सायकल टाइम, म्हणजे एक नग कापायला लागणारा वेळ, कंपनीच्या इंजिनिअरलाच काढू द्या. तो स्टॉपवॉच घेऊन येतो, नव्वद सेकंद म्हणतो आणि जातो. दार उघडणं, एअर गन मारणं, नग काढणं, दुसरा लावणं, कडेची धारदार बर काढणं, भोकाचं माप प्लग गेज घालून बघणं, हे सगळं त्या नव्वदच्या बाहेर असतं. तेवढी तुमची समाजसेवा.

टॉलरन्स (मापात चालणारी सूट) बघून रेट बदलू नका, तो क्षुद्रपणा दिसतो. अ‍ॅल्युमिनियमचा २५ मिलिमीटरचा बोअर (आतलं भोक), ड्रॉइंगवर एच ७, म्हणजे एकूण सूट २१ मायक्रॉनची. मे महिन्यात आपल्या पत्र्याखाली ४२ अंश असतात, त्यांच्या एसी खोलीत २०. एवढ्यात तो बोअर बारा-तेरा मायक्रॉन आकसतो. आपला स्टीलचा गेजही तापतो म्हणा, पण जवळपास निम्म्यानेच. मग इथे पास झालेला नग तिथे नापास होतो, डेबिट नोट येते, आणि तीत कच्च्या मालाचेही पैसे आपल्याकडूनच कापलेले असतात. एका नगाचं जॉबवर्क नऊ रुपये, कापले एकशे चाळीस. तुम्ही हसून सही करा. आपण फॅमिली आहोत, असं व्हेंडर मीटमध्ये साहेबांनी माइकवर सांगितलंय.

दर वर्षी दोन टक्के रेट कमी करून द्या, कारण अनुभवाने तुमचा खर्च कमी होतो म्हणे. ऑपरेटर, लाइट आणि इन्सर्टवाल्याला हे अजून कुणी कळवलेलं नाही.

पैसे कधी येणार ते विचारू नका. कायदा आहे, २००६चा. लेखी करार असला तरी लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी समाधान नावाचं पोर्टलही काढलं. मी एकदा फॉर्म अर्धा भरला, मग पुढच्या महिन्याच्या पीओचा, म्हणजे त्याच कंपनीच्या ऑर्डरचा, विचार केला आणि लॅपटॉप मिटवला. नाव समाधान आहे ते ठेवायचं, एवढंच. १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) कलम लागू झालं, लघुउद्योगाला वेळेत न दिलेल्या बिलाचा खर्च कंपनीने ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी धरायचा. मला वाटलं, आता तरी. तर एका ठिकाणाहून फोन, ‘तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंद) आहे का? नसतं तर बरं झालं असतं.’ जीएसटी मात्र वीस तारखेला भरायचाच, पैसे आलेले असोत की नसोत.

कोटेशन द्यायला उशीर करू नका. विचार करायला वेळ मिळतो.

तर, मंगळवार. बुशचा एक जॉब माझ्याकडे तीन वर्षं होता. रेट तीनशे चाळीस, भांडून, घासून, एकदा तर काम बंद ठेवून मिळवलेला. दिवाळीनंतर तो गेला. कुठे गेला ते कळायला फार लांब जावं लागलं नाही, टेम्पो माझ्या समोरच्या गाळ्यापुढे थांबायला लागला. समोरचा पोरगा नवीन, आयटीआय झालेला, हात चांगला, मागच्या वर्षी लोन काढून मशीन घेतलेलं. त्याने दोनशे दहाने घेतला. मी काही बोललो नाही. मंगळवारी संध्याकाळी तो आला, हातात एक इन्सर्ट, चारही कोपरे झिजलेले, एकाचा टवका उडालेला. म्हणाला, ‘दादा, ह्या ग्रेडचे दोन बॉक्स हायेत का तुमच्याकडं? दुकानदार उधारी देईना झालाय. सोमवारी देतो की.’

मी इन्सर्ट हातात घेऊन पाहिला. माझ्याच जॉबचा. ग्रेडही मीच शोधलेली, आठ महिने वेगवेगळे वापरून.

‘कसं चाललंय?’ मी विचारलं.

‘चोवीस तास चालवायलोय, दादा. रातच्याला मीच उभा राहतो. पण हातात काहीच राहीना. कुठं जायलंत पैसे, कळंना.’

कळेना म्हणे! अरे, कळायला काय झालंय? कागद घे, पेन घे, दहा ओळी लिही. साहेबाने तुझा रेट पाडला नाही, त्याने फक्त विचारलं. विचारणं त्याची नोकरी आहे. आकडा तू लिहिलास. माझ्या तीनशे चाळीसवर तू दोनशे दहा टाकलास, आता तुझ्या दोनशे दहावर कुणीतरी एकशे नव्वद टाकेल, आणि तोही रात्री मशीनपुढे उभा राहून डोळे चोळत विचारेल की पैसे कुठे जातात. बँकेच्या हप्त्याला तू कमाई समजतोस. मशीन झिजतंय ते तुला दिसत नाही, कारण झिजण्याचं बिल दर महिन्याला येत नाही, आठव्या वर्षी एकदम येतं. तेव्हा नवीन घ्यायला पैसे नसतात आणि जुनं भंगाराच्या भावात जातं. आपल्या गल्लीत असे तीन गाळे बंद झालेत. तिघंही हाताचे पक्के होते. एकालाही काम कमी नव्हतं!

आणि मी तरी काय मोठा शहाणा? पहिल्या वर्षी मीही एकशे ऐंशीने घेतलं होतं, ज्याचं काम पाडलं तो आता बजाजनगरला झेरॉक्सचं दुकान चालवतो. भेटला की नमस्कार करतो. मला मान वर करवत नाही.

हे सगळं त्याला तिथे बोललो नाही. पोराचे डोळे लाल होते. दोन बॉक्स काढून दिले, आणि माल पाठवायच्या एका जुन्या चलनाच्या पाठकोऱ्या बाजूला वरची बेरीज लिहून दिली, १,०५,०००, खाली ४१६ खोडून २७०. त्याने घडी घालून खिशात ठेवली.

सोमवार होऊन गेला. बॉक्सचे पैसे आले नाहीत. टेम्पो अजून समोरच थांबतो.