रश्श्याचं कौतुक पुरे, व्यवहाराचंही लिहा

‘त्या पिढीच्या बायकांचं सगळं आयुष्य चूल आणि मूल यातच गेलं’ हे पणजीबाईंवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. पणजीबाईंच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर दोन परिच्छेद, आणि त्यांनी घर कसं चालवलं यावर एक ओळ नाही? आमची आज्जी नव्वदी ओलांडून गेली. आजोबा लवकर वारले तेव्हा दावणीला म्हशी होत्या आणि पदरात पोरं. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धार काढायला चुलते जायचे, पण कुठली म्हैस ठेवायची, कुठली विकायची, पेंड कुणाकडून उचलायची आणि कुणाची उधारी बंद करायची हे आज्जीच ठरवायची. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं खरं, पण आज्जीनं शाळेची पायरी चढली नव्हती. हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी. २००५ च्या पुरात पंचगंगेचं पाणी चढायला लागल्यावर सगळे टीव्ही-फ्रीज उचलायच्या मागं, तर ही ओरडली, “ते ऱ्हाऊ दे, आधी जनावरं हलवा!”

आता कागद बघा. सातबारावर चुलत्यांचं नाव, डेअरीच्या पासबुकावर वडिलांचं. आज्जी रेशनकार्डावर, तीही ‘गृहिणी’ म्हणून. कागदांवरून लिहायला बसलं की चूल आणि मूलच हाताला लागणार. लेखकानं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढंच विचारावं, की तिजोरीची किल्ली कुणाच्या कमरेला असायची. बाकी आमच्या आज्जीचा रस्सा, खरं सांगायचं तर, बेताचाच व्हायचा.