डीजे सॉफ्टवेअरचा तो फॉरवर्ड आणि भाच्याची उडालेली लायब्ररी

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. "मामा, सिंक लावलंय तरी किक दोनदा वाजतेय रे." भाचा डीजे म्हणून वाजवतो. किक म्हणजे ड्रमचा जाड ठोका, आणि सिंक म्हणजे दोन गाण्यांचे ठोके सॉफ्टवेअरने आपोआप जुळवणं. मला वाटलं कंट्रोलरची, म्हणजे लॅपटॉपला जोडायच्या त्या बटणांच्या यंत्राची, काहीतरी भानगड असेल. केबल काढून लावायला सांगितली, बफर वाढवायला सांगितला, काही फरक नाही. मग म्हटलं स्क्रीन शेअर कर. वेव्हफॉर्म झूम करून बघितली तर ग्रिडची रेघ (ठोका कुठे पडतो ते दाखवायला सॉफ्टवेअर आखतं ती) किकवर नव्हतीच, केसभर अलीकडे होती. दुसरं गाणं लोड केलं, ते बरोबर. तिसरं परत अलीकडे. विचारलं, हे सॉफ्टवेअर कधी टाकलंस? म्हणाला, झाला आठवडा, आणि मग त्याने मला तो मेसेज पाठवला.

तुमच्याकडेही आला असेल, मी आत्तापर्यंत तीन ग्रुपवर बघितलाय. "खरा डीजे व्हायचंय? मग आजच सॉफ्टवेअर बदला" असं वर, आणि खाली सहा मुद्दे. थोडक्यात सांगतो. एक, प्रोफेशनल लोक फक्त रेकॉर्डबॉक्स (पायोनियरचं डीजे सॉफ्टवेअर) वापरतात, बाकी सगळी खेळणी. दोन, सेराटो हे दुसरं डीजे सॉफ्टवेअर आता पायोनियरवाल्यांनीच विकत घेतलंय, ते बंद होणार. तीन, क्यू पॉइंट (गाण्यात आपण लावलेल्या खुणा) आणि बीटग्रिड गाण्याच्या फाइलमध्येच असतात त्यामुळे एका क्लिकमध्ये सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये येतं, जुनं फोल्डर उडवा आणि जागा मोकळी करा. चार, महाग सॉफ्टवेअरचा आवाज चांगला. पाच, फुकटचं वापरू नका, त्यापेक्षा प्रोचं क्रॅक (चोरीची आवृत्ती) टाका. सहा, सिंक वापरणारा डीजेच नाही.

तिसरा मुद्दा आधी घेतो कारण नुकसान त्यानेच झालंय, आणि हा मेसेज ज्यांनी ज्यांनी पुढे ढकलला त्यांनी निदान हा भाग तरी नीट वाचावा.

क्यू फाइलमध्ये असतात हे सेराटोपुरतं खरं आहे, तेवढं मान्य करतो. सेराटो क्यू, लूप, ग्रिड हे सगळं गाण्याच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलमधल्या माहितीच्या कप्प्यात, लिहून ठेवतं, त्यामुळे तेच गाणं कॉपी करून दुसऱ्या लॅपटॉपवरच्या सेराटोमध्ये उघडलं तर क्यू जागेवर दिसतात. मेसेज लिहिणाऱ्याने हे कुठेतरी बघितलं असणार आणि सरसकट सगळ्यांना लावून टाकलं. पण खुद्द सेराटोचे क्रेट, म्हणजे गाण्यांच्या याद्या, फाइलमध्ये नसतात, ते त्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. रेकॉर्डबॉक्स क्यू आणि ग्रिड स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. ट्रॅक्टर आणि व्हर्च्युअल डीजे ही आणखी दोन सॉफ्टवेअर. ट्रॅक्टरचा मुख्य कारभार कलेक्शन नावाच्या एका एनएमएल फाइलवर चालतो, व्हर्च्युअल डीजेचा त्याच्या एक्सएमएल डेटाबेसवर. तो डेटाबेस गेला की गाणी जिथल्या तिथे राहतात, फक्त तुम्ही त्यांच्यावर केलेली मेहनत गेलेली असते. शिवाय प्रत्येकाची क्यूची कल्पनाही सारखी नाही. रेकॉर्डबॉक्समध्ये हॉट क्यू (बटण दाबलं की तिथून वाजतं) वेगळे आणि मेमरी क्यू (नुसती नोंदलेली जागा) वेगळे, सेराटोमध्ये मेमरी क्यू हा प्रकारच नाही, मग ते तिकडे जाऊन बसणार कुठे?

आता ती दोनदा वाजणारी किक. एमपी३ फाइल ही छोट्या छोट्या फ्रेमची बनलेली असते, नेहमीच्या एमपी३ मध्ये एका फ्रेममध्ये ११५२ सॅम्पल. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल या रेटने ते होतात साधारण २६ मिलिसेकंद. एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्राम, गाण्याच्या आधी थोडी शांतता घालतो, आणि बऱ्याचदा पहिल्या फ्रेममध्ये गाणं नसतंच, फाइलची माहिती असते. एखादा प्लेयर ती फ्रेम सोडून मोजायला सुरुवात करतो, दुसरा तिला शांतता समजून मोजतो. म्हणजे गाण्याचं शून्य कुठे आहे यावरच दोन सॉफ्टवेअरचं एकमत नाही! मग एकाने "इतक्या सेकंदाला क्यू" असं लिहिलेलं दुसऱ्याने जसंच्या तसं वाचलं की रेघ सरकते. आणि सगळ्या गाण्यांत सारखी सरकली असती तर एकवार दुरुस्त करून मोकळे झालो असतो, पण ती फाइल कुठल्या एन्कोडरने कशी बनवली यावर अवलंबून, त्यामुळे काही गाणी बरोबर, काही चूक, आणि वाजवल्याशिवाय कळत नाही कुठली ते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मिक्स (Mixxx, ते तीन एक्सवालं) या फुकट डीजे सॉफ्टवेअरचा कोड बघा. ओपन सोर्स आहे, कोणालाही वाचता येतो. रेकॉर्डबॉक्सने बनवलेली यूएसबी वाचायचा त्यात एक भाग आहे, तिथे आधी एमपी३ कुठल्या प्रकारे एन्कोड झालीय हे ओळखतात, तिला एका गटात टाकतात, आणि त्या गटाप्रमाणे क्यूच्या वेळेत काही मिलिसेकंदांची दुरुस्ती करतात. दोन्हीकडचे डीकोडर अशा फाइल वेगवेगळ्या पद्धतीने हाताळतात हे तिथेच कॉमेंटमध्ये लिहून ठेवलंय. "एका क्लिकमध्ये सगळं येतं" हे खरं असतं तर त्या लोकांना एवढा खटाटोप करायची गरजच पडली नसती.

२६ मिलिसेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) एक बीट म्हणजे ४६९ मिलिसेकंद, त्याचा अठरावा भाग. पण दोन किक एवढ्या फरकाने एकमेकांवर पडल्या की "धप्" च्या जागी "धडप्" ऐकू येतं, बेस पोकळ होतो, आणि सिंक बिचारं काही करू शकत नाही कारण ते गाणं ऐकत नाही, ग्रिड बघतं. ग्रिडच खोटी असेल तर ते इमानदारीने खोट्याला खोटं जुळवतं.

भाच्याने काय केलं होतं, तर एका फुकट कन्व्हर्टरमधून लायब्ररी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणली, चार गाणी उघडून बघितली, क्यू दिसले, रंगही दिसले, खूश झाला, आणि मेसेजमध्ये लिहिल्याप्रमाणे जुनं फोल्डर डिलीट करून ट्रॅशही रिकामा केला. जुन्या सॉफ्टवेअरचे आपोआप होणारे बॅकअप त्याच फोल्डरच्या पोटात होते, तेही गेले. सहाशेच्या वर गाणी आहेत त्याच्याकडे. प्रत्येकात जिथे गाणाऱ्याचा आवाज संपतो तिथे लाल क्यू, जिथून पुढचं गाणं आत घेता येईल तिथे हिरवा, असं दीड वर्ष रोज थोडं थोडं करून ठेवलेलं. दुसरा चांगला कन्व्हर्टर वापरून, दुरुस्ती लावून, परत आणता आलं असतं सगळं, फक्त मूळ डेटाबेस हवा होता. तो नाही. आता प्रत्येक गाणं उघडा, झूम करा, रेघ सरकवा, क्यू सरकवा. पोरगं रडवेलं झालं होतं फोनवर, आणि ज्याने हे लिहिलं त्याला याचा पत्ताही नसणार. जागा मोकळी करा म्हणे! ट्रॅक्टरची ती एनएमएल फाइल हजारो गाण्यांची असली तरी एखाद्या डब्ल्यूएव्ही गाण्याच्या आसपास जागा घेते. कशासाठी उडवायची?

बाकीचे मुद्दे आता भराभर.

रेकॉर्डबॉक्सचं म्हणाल तर, ज्या ठिकाणी सीडीजे (यूएसबीवरून गाणी वाजवणारे पायोनियरचे प्लेयर) ठेवलेले असतात आणि तुम्ही खिशात यूएसबी घेऊन जाणार आहात, तिथे रेकॉर्डबॉक्समध्ये तयारी करून जाणं हाच सरळ रस्ता आहे, यात वाद नाही. ग्रिड, क्यू, प्लेलिस्ट सगळं त्या यूएसबीवर जातं आणि प्लेयर ते वाचतो. पण तिथेही "टाकलं की झालं" असं नाही. यूएसबी एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीत फॉरमॅट केलेली असेल तर सीडीजे ती वाचत नाही. सगळी गाणी फ्लॅकमध्ये असतील तर २०१६ च्या सीडीजे २००० नेक्सस २ च्या आधीचे सीडीजे ती वाजवत नाहीत. स्ट्रीमिंगवरची गाणी यूएसबीवर एक्सपोर्ट होत नाहीत. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही, जे खरंच लोकांना अडवतं ते. आणि "बाकी खेळणी" हे तर निव्वळ अज्ञान आहे. रिची हॉटिनसारखा नावाजलेला डीजे वर्षानुवर्षं ट्रॅक्टरवर वाजवत आलाय, डीजे जॅझी जेफ सेराटोवर. रेकॉर्डबॉक्स स्वतः सुरुवातीला फक्त तयारीचं सॉफ्टवेअर होतं, त्यावर थेट वाजवायची सोय २०१५ मध्ये आली. त्याच्या किती आधी, २००४ मध्ये, सेराटोचं स्क्रॅच लाइव्ह हे सॉफ्टवेअर रेन कंपनीच्या बॉक्ससोबत बाजारात आलं होतं आणि लोक टाइमकोड रेकॉर्डवर (सुई कुठे आहे ते लॅपटॉपला सांगणारी खास तबकडी) लॅपटॉपमधली गाणी स्क्रॅच करत होते. घरी कंट्रोलरवर वाजवणाऱ्या, सीडीजेला कधी हातही न लावलेल्या पोराला "तू खेळण्यावर वाजवतोस" म्हणून सांगायचं कशाला?

सेराटो पायोनियरवाल्यांनी विकत घेतलं हे चुकीचं आहे. पायोनियर डीजेची कंपनी, जिचं नाव २०२० पासून अल्फाथीटा आहे, तिने सेराटो घ्यायचं २०२३ मध्ये जाहीर केलं होतं हे खरं. पण सेराटो न्यूझीलंडचं, आणि तिथल्या कॉमर्स कमिशनने जुलै २०२४ मध्ये परवानगी नाकारली, स्पर्धा कमी होईल म्हणून. म्हणजे मेसेजवाल्याने बातमीचा पहिला अर्धा भाग वाचला आणि त्यावर भविष्य सांगितलं.

आवाजाचं, हे घरी तपासता येतं. तेच गाणं दोन सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा, पिच (वेग) शून्यावर, की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं) बंद, ऑटो-गेन (आवाजाची पातळी आपोआप बदलणारं) बंद, ईक्यू मध्यावर. दोन्ही रेकॉर्डिंग एका एडिटरमध्ये नीट जुळवा, लेव्हल सारखी करा, एकाची फेज उलटी करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. दोन्हीत सारखं असेल ते एकमेकांना कापतं, जे उरेल तो फरक, आणि उरतं ते नसल्यात जमा. खरा फरक दिसतो तो की-लॉक लावून टेम्पो बराच ओढल्यावर, आणि ईक्यू फिरवल्यावर, कारण ते प्रत्येकाचं आपापलं असतं. तुम्ही गाणी आठ-दहा टक्के ओढत असाल तर की-लॉक जरूर ऐकून बघा, त्यावरून सॉफ्टवेअर निवडलं तरी चुकीचं नाही. पण किमतीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि १२८ केबीपीएसचं गाणं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तसंच वाजणार.

क्रॅकबद्दल एवढंच की अँटीव्हायरस बंद करून कोणाच्यातरी लिंकवरचं काहीतरी इन्स्टॉल करा असं पोरासोरांना सांगणारा माणूस त्यांचं भलं करत नाहीये. मिक्स पूर्ण फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि लिनक्सवाल्यासाठी तर पहिला पर्याय तोच. रेकॉर्डबॉक्समध्ये यूएसबी तयार करायला पैसे लागत नाहीत. बऱ्याच कंट्रोलरसोबत कुठलं ना कुठलं सॉफ्टवेअर अनलॉक होऊन येतं, बॉक्सवर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

सिंकवर मी भांडणार नाही. कानाने बीट जुळवायला शिका, कारण ग्रिड चुकली की तेच कामाला येतं, परवाच बघितलं. पण चार डेकवर (एकाच वेळी चार गाण्यांवर) छोटे छोटे लूप रचणारा माणूस सिंक लावतो तेव्हा त्याचे हात दुसऱ्या कामाला मोकळे होतात, तो चोरी करत नाही.

भाच्याला मी शेवटी एवढंच विचारलं की तू वाजवतोस कसा ते सांग. लॅपटॉप घेऊन जातोस की यूएसबी? पुढचं गाणं कसं शोधतोस, आधी लावलेल्या यादीतून की ऐनवेळी सर्च करून? स्क्रॅच करतोस का? कंट्रोलर कुठला आहे आणि तो काय ओळखतो? त्याची उत्तरं अशी: लॅपटॉप, ऐनवेळी सर्च, स्क्रॅच थोडं, आणि कंट्रोलर जुन्याच सॉफ्टवेअरसाठी बनलेला. म्हणजे बदलायचं काही कारणच नव्हतं! नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या कंट्रोलरचे अर्धे पॅड काम करत नव्हते, ते त्याला आठवडाभर स्वतःची चूक वाटत होती.

तरीही कोणाला बदलून बघायचंच असेल तर जुन्या लायब्ररीची एक कॉपी आधी दुसऱ्या डिस्कवर टाका, जुनं सॉफ्टवेअर आहे तिथे राहू द्या, आणि फक्त वीस गाणी नव्यात घ्या. त्यात एमपी३ वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेल्या असू द्या, म्हणजे ग्रिड सरकत असेल तर लगेच दिसेल. दोन आठवडे त्या विसावरच वाजवा.

भाचा जुन्यावर परत गेलाय. नव्यातली यादी बघून जुन्यात गाणी एक एक करून लावतोय. काल रात्री मेसेज आला, चौतीस झाली.