अवघड शॉट शिकू तरी द्या आम्हाला!

आमच्या पार्लरमध्ये पूलच्या बॉलमध्ये स्नूकरची व्हाइट, म्हणजे क्यूने (काठीने) मारायचा पांढरा बॉल! मूळची हरवली, म्हणून कपाटात जी सापडली ती आणून ठेवली, आणि वर मला सांगतात, ‘चालतंय की मॅडम, बॉलच आहे ना.’ नाही चालत! पूलचा बॉल 57 मिलिमीटरचा, स्नूकरचा 52.5 चा. म्हणजे या व्हाइटचा मध्य समोरच्या बॉलच्या मध्यापेक्षा सव्वादोन मिलिमीटर खाली, आणि वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी. स्टॉप मारायला जावं तर ती जागेवर थांबायची सोडून मागे येते. नेमच बदलतो, कारण व्हाइट कुठे पोचून टेकायला हवी, हा सगळा हिशोब दोन्ही बॉल एकाच मापाचे आहेत असं धरूनच केलेला असतो. या व्हाइटने मी महिनाभर सराव केला, तर जे शिकेन ते दुसऱ्या कुठल्याही टेबलावर चुकीचंच ठरणार. आणि याचे मी तासाने पैसे मोजायचे!

पुण्यात पूल खेळणाऱ्या कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. ‘माझे लांबचे शॉट जात नाहीत’, ‘कुशनला चिकटलेली व्हाइट मारताच येत नाही’, ‘बँक म्हणजे नशीब’. (कुशन म्हणजे टेबलाची रबरी कड, आणि बँक म्हणजे तिच्यावर आपटवून बॉल पाडणं.) आणि प्रत्येकाला उत्तर एकच: प्रॅक्टिस कर. अरे, कशावर करायची? कुठल्या क्यूने?

लांबचा सरळ शॉट घ्या. न खेळणाऱ्याला तो सगळ्यात सोपा वाटतो. व्हाइट, बॉल आणि पॉकेट एका रेषेत, मारायचं फक्त सरळ. आता हिशोब बघा. व्हाइट आणि बॉल यांच्यात 1.2 मीटर अंतर, बॉल आणि पॉकेट यांच्यातही तेवढंच. क्यू एका अंशाच्या फक्त दहाव्या भागाने वाकडा गेला, तर बॉलपाशी पोचेपर्यंत व्हाइट दोन मिलिमीटर बाजूला सरकलेली असते. दोनच मिलिमीटर. पण बॉल गोल आहे, त्यामुळे त्या दोन मिलिमीटरने तो सुमारे दोन अंश वाकडा निघतो आणि पॉकेटपाशी जाईपर्यंत चार सेंटिमीटरने चुकतो. साडेचार इंची पॉकेटमध्ये बॉलला दोन्ही बाजूंना मोकळीक असते जेमतेम तीन सेंटिमीटरची. गेला शॉट. अंशाच्या दहाव्या भागामुळे गेला! आणि मग माझ्या हातात जो क्यू दिलाय तो टेबलावर ठेवून लोळवला तर त्याचं टोक उड्या मारतं. टिप मशरूमसारखी बाजूंनी पसरलेली, वरून काचेसारखी गुळगुळीत. चॉकच्या ठोकळ्याला मधोमध आरपार भोक. टेबलं सांभाळणाऱ्या मार्करदादांना दुसरा क्यू मागितला तर ते स्टँडमधून त्याच्याहून वाकडा काढून देतात. त्यांच्यावर राग नाही माझा, त्यांना दिलेलंच ते आहे. राग आहे तो मालकावर. नवीन टीव्ही लावायला पैसे आहेत, लाइटिंग बदलायला आहेत, कॅफेचा मेन्यू छापायला आहेत. टिप बदलायला नाहीत. टिप! बोटाच्या पेरापेक्षा लहान चामड्याचा तुकडा!

आणि गुळगुळीत टिपवर चॉक बसत नाही. मध्याच्या जरा खाली किंवा बाजूला मारलं की टिप सटकते. म्हणजे स्क्रू (खाली मारून व्हाइट मागे आणणं) गेला, साइड (बाजूला मारून फिरकी देणं) गेली, व्हाइटवरचा ताबा गेला. उरतं काय? बॉल पाड आणि पुढचं देवावर सोड. आमच्याकडची निम्मी पोरं अशीच खेळतात, कारण त्यांना दुसरं काही करून बघताच आलेलं नाही.

आता सल्लागारांबद्दल बोलते. यांनी तर डोकं फिरवलंय माझं. बाई टेबलापाशी एकटी उभी राहिली की शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी स्वतःचा डाव सोडून शिकवायला येतो. न विचारता. क्यूला हात लावतो. आणि सांगतो काय? ‘जोरात मारा, जाईल.’ नाही जाणार! जोरात मारलं की पॉकेट लहान होतं. सावकाश आलेला बॉल जबड्याला घासून आत पडू शकतो, तोच जोरात आला की दोन्ही बाजूंना आपटून बाहेर येतो. शिवाय जोर लावायच्या नादात खांदा फिरतो, डोकं वर येतं, आणि तो अंशाचा दहावा भाग तिथेच हातचा जातो. यांचा दुसरा लाडका सल्ला म्हणजे ‘थोडी साइड द्या’. कशासाठी? बॉल सरळ आहे, व्हाइट जागेवर थांबवायची आहे, साइड कशासाठी? डाव्या बाजूला मारलं की व्हाइट सुरुवातीलाच किंचित उजवीकडे ढकलली जाते. क्यू जरा उचललेला असेल तर पुढे जाऊन ती पुन्हा डावीकडे वळते. किती ढकलली जाईल ते क्यूवर अवलंबून, किती वळेल ते वेगावर आणि कापडावर. ज्याला मधोमध मारून सरळ शॉट दहातले आठ जात नाहीत, त्याने साइडला हात घालूच नये. हे त्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. म्हणतो, ‘मी दहा वर्षं खेळतोय.’ खेळा! माझ्या टेबलापासून लांब खेळा.

बारीक कटचंही, म्हणजे बॉलच्या कडेला लागून तो तिरपा पाडायच्या शॉटचंही, तेच. अर्धा बॉल झाकून मारला तर तो तीस अंशात जातो, हे डोळ्याला लवकर कळतं. पण साठ अंशाच्या कटला व्हाइट बॉलला जेमतेम आठ मिलिमीटर झाकते, आणि तिथे नेमातल्या चुकीचा परिणाम सरळ शॉटच्या दुप्पट होतो. त्यात बॉल महिनोन्‌महिने न पुसलेले. चॉक, हाताचा घाम, कुणाच्यातरी फ्रेंच फ्राइजचं तेल. असे बॉल एकमेकांना भिडले की क्षणभर चिकटतात आणि समोरचा बॉल अपेक्षेपेक्षा कमी कट होतो. सावकाश मारलेल्या शॉटला हे जास्तच होतं. मी बरोबर मारलं की चूक, हे मला कळणार कसं? शिकायचं म्हणजे चूक झाली की ती कुठे झाली ते कळलं पाहिजे ना! इथे चूक माझी, बॉलची, टेबलाची की क्यूची, याचा पत्ताच लागत नाही. सगळ्यात संताप याचाच येतो.

कुशनला चिकटलेली व्हाइट हा शॉट खरोखरच अवघड आहे, टेबल कितीही चांगलं असलं तरी. कुशनचं नाक बॉलच्या व्यासाच्या साधारण 63 टक्के उंचीवर असतं, म्हणजे मारायला वरचा तिसरा हिस्साच उरतो. मध्याला टिप पोचतच नाही. मग लोक काय करतात? क्यूची मागची बाजू हातभर उचलतात आणि वरून खाली ठोसतात. क्यू उचलला की टिप बाजूला जरा जरी चुकली तरी व्हाइट वळते. उलट करायला हवं. हात कुशनवर सपाट, क्यू दोन बोटांमधून जवळजवळ आडवा, मागे नेणं आखूड, वेग कमी, आणि शॉट झाल्यावरही डोकं खालीच. साइड अजिबात नाही. एवढंच आहे, आणि हे बऱ्यापैकी लवकर सुधारतं, पण रोज वीस-पंचवीस वेळा तोच शॉट लावून मारायला लागतो. आमच्या पार्लरमध्ये कुशनच्या कडेवर सिगारेटचे जुने डाग आहेत, कापड एका ठिकाणी फाटून शिवलंय. क्यू तिथे अडकतो. आडवा ठेवायचा कसा?

बँकबद्दल तर बोलूच नये. कॅरमवरून आलेली आपल्याकडची पोरं रिबाउंड छान बघतात, हाताला सवय असते. आणि मग पूलच्या टेबलावर येऊन वेडी होतात, कारण इथे वेग बदलला की कोन बदलतो. जोरात मारलं की रबर जास्त दबतं आणि बॉल आखूड, म्हणजे कमी पसरलेल्या कोनात, परत येतो. सावकाश मारलं की लांबतो. म्हणून बँक शिकताना आधी एकच वेग पक्का करायचा, मग कडेवर बसवलेल्या खुणांवरून, म्हणजे डायमंडवरून, कोन मोजायचे. हे डायमंड शोभेचे नसतात. तीन कुशनची किक, म्हणजे व्हाइट आधी कुशनवर आपटवून मग बॉलला लावणं, त्यांच्यावरून साध्या वजाबाकीने काढता येते. फिलिपिन्सचा पूलपटू एफ्रेन रेयेस याने 1995 साली अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध दोन कुशनवरून मारलेली ती किक लोक अजून बघतात आणि ‘जादू’ म्हणतात. जादू काय त्यात? त्या माणसाचं पोरवय पूलच्या अड्ड्यावर गेलं, कुशन कसं वागतं हे त्याच्या हाडात होतं. पण त्याच्या कुशनचं रबर जिवंत असणार! आमच्याकडे डावीकडचं लांब कुशन मेलेलं, उजवीकडचं नवीन, आणि पावसाळ्यात दमट हवेने कापड इतकं जड होतं की जूनमधला कोन मार्चमध्ये उपयोगाचा नाही. एसी? तो फक्त संध्याकाळी, गर्दी झाली की.

टेबल लेव्हलमध्ये नाही हे मी सांगून सांगून थकले. हळू सोडलेला बॉल शेवटच्या वीतभर अंतरात डावीकडे वळतो, दर वेळी, त्याच जागी. मालकाने काय करावं? कागदाची घडी घालून पायाखाली सारली. लेव्हल न लावता, नुसत्या अंदाजाने!

आणि एवढं सगळं सहन करून सराव करायला गेलं तर तोही करू देत नाहीत. एकच शॉट पुन्हा लावायचा तर बॉल नेमक्या त्याच जागी ठेवावे लागतात. त्यासाठी मी कागदाची छोटी गोल स्टिकर नेली, फाइलच्या भोकांना लावतात ती. कापडाला काही होत नाही, काढली की निघतात. तर आरडाओरडा! कापड खराब होईल म्हणे. ज्या कापडावर कोल्डकॉफीचा डाग भारताच्या नकाशाएवढा आहे, ते माझ्या स्टिकरने खराब होणार! जंप शॉटला मनाई केली तर मला समजतं, कारण लोक वरून मारायच्या ऐवजी खालून उकरून बॉल उडवतात, तो नियमाने फाउल आहे आणि त्याने कापड खरंच फाटतं. पण स्टिकर?

त्यात ‘हरेल तो टेबलचे पैसे देईल’ ही पद्धत. यामुळे कुणी अवघड शॉट घेतच नाही. पैसे अंगावर येतील म्हणून जो तो सोपा बॉल ढकलतो, किंवा डोळे मिटून जोरात मारतो आणि फ्लूक झाला की टाळ्या घेतो. एकटं खेळायला आलं की मार्कर विचारतो, ‘पार्टनर कुठेय?’ जसं एकट्याने टेबल घेणं हा गुन्हा आहे. पार्टनर नको मला! मला तासभर एकच लांबचा शॉट मारायचा आहे. व्हाइट जागेवर थांबते का बघायचं आहे. थांबून जागेवरच फिरली तर टिप बाजूला लागली, पुढे गेली तर वर लागली. व्हाइटच सांगते काय चुकलं ते, कोच लागत नाही. फक्त व्हाइट पूलची हवी, स्वच्छ हवी, आणि टेबल सपाट हवं.

विल्सन जोन्सचा जन्म या पुण्यातला. 1958 मध्ये कलकत्त्याला बिलियर्ड्सची जागतिक हौशी स्पर्धा जिंकणारा माणूस, वैयक्तिक खेळात देशाचा पहिला जगज्जेता. बिलियर्ड्स-स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचाच. आणि या शहरात मला सरळ क्यू मिळत नाही! जिमखान्यात टेबलं उत्तम ठेवलेली असतात, माहीत आहे मला. सभासदत्व कुणाला परवडतं? बाकीच्यांनी कुठे जायचं? कॉलेजातली पोरं पॉकेटमनी जमवून येतात, त्यांना मेलेलं कुशन आणि फुटकं चॉक द्यायचं, आणि पुन्हा म्हणायचं की आपल्याकडे पूल कुणी मनावर घेत नाही.

तर मालक, हे स्पष्ट सांगते. दुपारी दोन ते पाच तुमची टेबलं रिकामी असतात. त्या वेळेत एकट्याने सराव करणाऱ्याला अर्ध्या दराने टेबल द्या. चार क्यूंच्या टिपा बदला. बॉल आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, तुमच्याकडून होत नसेल तर मी पुसते. टेबलाखालचा तो कागद काढून माणूस बोलवा आणि लेव्हल लावून घ्या. आणि ती स्नूकरची व्हाइट आजच्या आज उचला तिथून.