गांजाने आठवण पुसली जात नाही

‘गांजातील घटक अपघाताच्या, अत्याचाराच्या आठवणी मेंदूतून पुसून टाकतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, भयस्वप्नेही थांबतात, शिवाय भांग कायदेशीर आहे,’ असा मजकूर पुण्यातील व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. तो वाचणाऱ्यांत खरोखर होरपळलेली माणसे असतात, म्हणून त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘पुसून टाकतात’ हेच मुळात चूक आहे. २००२ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी सीबी-१ हा ग्राही (गांजातील घटक मेंदूच्या पेशींवर जिथे जोडले जातात ती जागा) नसलेले उंदीर अभ्यासले. आवाजापाठोपाठ विजेचा झटका बसतो, हे ते इतर उंदरांइतकेच शिकले. पुढे झटक्याविना नुसता आवाज ऐकवत राहिल्यावर मात्र इतरांची भीती ओसरली, यांची ओसरेना. म्हणजे मेंदू स्वतःच तयार करतो ती गांजासदृश रसायने भीती ओसरण्यासाठी लागतात. पण भीती ओसरणे म्हणजे आठवण जाणे नव्हे. नवले पुलाच्या उतारावर ट्रकची धडक बसलेल्या माणसाला ब्रेकचा कर्कश आवाज ऐकताच घाम फुटतो. तोच आवाज अनेकदा ऐकूनही काही घडले नाही, तर सुरक्षिततेची दुसरी आठवण तयार होते. पहिली जागच्या जागी राहते आणि एखाद्या ताणाच्या दिवशी पुन्हा उसळते.

‘सिद्ध केले’ म्हणावे, तर २०१३ मध्ये लंडनमध्ये गांजातला नशा न आणणारा घटक कॅनाबिडिऑल ३२ मिलिग्रॅम श्वासावाटे दिल्यावर निरोगी स्वयंसेवकांत सुरक्षिततेचे हे नवे शिकणे अधिक पक्के झाल्याचे दिसले. हे आशादायक आहेच. पण तिथली भीती प्रयोगशाळेतल्या सौम्य झटक्याची होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार) असलेल्या ८० माजी सैनिकांपैकी काहींना गांजा, तर काहींना सक्रिय घटक काढलेला गांजा ओढायला दिला. त्रास सर्वच गटांत कमी झाला. खऱ्या गांजाचा वेगळा फायदा दिसला नाही.

कॅनाबिडिऑल आणि नशा आणणारे टीएचसी यांत हा मजकूर भेदच करत नाही, ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. जास्त मात्रेत टीएचसी घबराट वाढवू शकते, आणि त्याच्या अमलाखाली न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या आठवण्याची शक्यता वाढते. पोलिसांत जबाब द्यायचा असलेल्या पीडितेसाठी ही किरकोळ बाब नाही.

१९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने फुलोऱ्याच्या शेंड्यांविना असलेली पाने गांजाच्या व्याख्येतून वगळली, एवढाच भांगेचा आधार आहे; टीएचसी तिच्यातही असते आणि गांजा बाळगणे हा गुन्हाच आहे.

राहिली भयस्वप्ने. टीएचसीमुळे स्वप्नांची झोप घटू शकते, म्हणून काही काळ आराम वाटतो. नियमित ओढणाऱ्याने थांबवले की स्वप्ने अनेकदा अधिक तीव्रतेने परततात. ज्यांनी आधीच सुरू केले आहे, त्यांनी ही गोष्ट मानसोपचारतज्ज्ञापासून लपवू नये. त्या प्रसंगाला सुरक्षितपणे, टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारे उपचार आहेत, आणि ते ठरवताना डॉक्टरांना हे माहीत असावे लागते.