बाईकची चेन घ्यायला गेलं की दरवेळी हेच

डोकं फिरतं राव! नाशकात तीन दुकानं फिरलो, सगळीकडे एकच, "गाडी कोणती? ही घ्या, बसते". अरे पण साइज ४२८ आहे का ५२०, लिंक किती, ओ-रिंगवाली (लिंकमध्ये रबरी रिंगा असलेली) का साधी, ते सांगा ना! ४२८ चा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, १२.७ मिमी, ५२० चा १५.८७५, एकीच्या स्प्रॉकेटवर (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) दुसरी बसूच शकत नाही. वर म्हणे नुसती चेन टाका, स्प्रॉकेट चालेल अजून. कसं चालेल? मागच्या स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे टोकदार होऊन एका बाजूला झुकलेत, हाताला टोचतात, नवीन चेन लगेच खाणार ते. पावसात त्र्यंबक रोडला रोजचं जाणं आहे माझं, चेन तुटून चाकात अडकली तर?